कांद्याच्या सुपाला शेरी

३ सप्टेंबर, मंगळवार

काउंटर — मी केला. जुन्या शाळेच्या बाकांचं लाकूड, नुसता रंधा मारायला नऊ दिवस लागले. काउंटरपुढची चौदा स्टुलं — मी. एकाचाही पाय डुगडुगत नाही; डुगडुगला तर दाखवावा कोणी. बाटल्यांची मांडणी — मी. प्रत्येक खाच इतकीच तिरकी, की बूच आतून ओलं राहावं पण गाळ बाटलीच्या मानेपर्यंत येऊ नये. दिव्यांवरच्या पत्र्याच्या टोप्या — तेलाच्या डब्यांतून कापलेल्या, मीच. दारावरची पाटी, आतला फळा, फळ्याची चौकट — मी, मी, मी. सुपं एकतीस प्रकारची, सगळी माझी. आणि वही! लाल बांधणीची, ती बांधणीसुद्धा माझ्या हातची. कोणत्या सुपाबरोबर कोणती वाइन, कशी लागली, दहापैकी किती गुण. अकरा वर्षांत दोनशे चौदा जोड्या.

मला हे कोणी शिकवलं नाही. ना सूप, ना वाइन. पंचविशीपर्यंत वाइन मी चित्रातच पाहिली होती. रद्दीतून पुस्तकं आणली, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. लोक हसायचे — सूपही पातळ, वाइनही पातळ, पातळाबरोबर पातळ कसलं लावतोस? आज दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी सहा ते नऊ त्याच लोकांची मुलं या चौदा स्टुलांवर बसतात, आणि फळ्यावर सुपासमोर मी जी वाइन लिहीन ती मुकाट मागवतात.

हे सगळं आजच लिहून काढायला कारण घडलं.

शेजारच्या दवाखान्यातला दंतवैद्य, रोजचा, कडेच्या स्टुलावरचा, आज मश्रूमच्या सुपाबरोबरची लाल अर्धी टाकून गेला. अर्धी! मी त्याला हटकणार, तेवढ्यात ही ग्लास धुता धुता, मागे वळूनही न बघता म्हणाली, "गरम सुपावर ती लाल म्हणजे लोखंड चाटल्यासारखं होत असेल हो त्यांना."

ही — माझी बायको. गल्ला आणि ग्लास सांभाळते. वाइन घोटभरही पीत नाही. हुंगते, जिभेवर फिरवते आणि मोरीत थुंकते!

वहीत त्या जोडीला साडेआठ गुण आहेत.

४ सप्टेंबर, बुधवार

लोखंड! कुठून आणते हे शब्द.

आज मुद्दाम मश्रूम आणि ती लाल पुन्हा घेऊन बघितली. एकदा नाही, तीनदा. लोखंड-बिखंड काही नाही. साडेआठ कायम.

७ सप्टेंबर, शनिवार

दाढी येऊन गेला. दाढी म्हणजे आमच्या वाइनच्या कंपनीचा विक्रेता — महिन्यातून एकदा नव्या सहा बाटल्या घेऊन येतो, मला दादा म्हणतो, हिला वहिनी. आज मोठी बातमी घेऊन आला. कंपनी पुस्तिका छापणार आहे. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन — पान-पान एकेका प्रकाराला. त्यांच्या सगळ्या गिऱ्हाईक-हॉटेलांत टेबलाटेबलावर ठेवणार. खाली लिहिणाऱ्याचं नाव.

"सुपाचं पान तुमच्याशिवाय कोण लिहिणार, दादा? पुढच्या महिन्यात आमच्या मॅडम स्वतः येतील चाखायला. त्यांनी मान हलवली की झालं."

मी चेहरा साधा ठेवला. आतून मात्र — आता इथे खोटं कशाला लिहू — आतून मी त्या मांडणीवर चढून बसलो होतो. छापील नाव! माझं! ज्याला शाळेतून दहावीच्या आधीच उचलून कामाला लावलं त्याचं.

मग चाखणं सुरू झालं. तिसरी पांढरी मला फार आवडली. म्हटलं, "ही बटाटा-कांदापातीच्या सुपाला. आठ गुण डोळे मिटून." दाढीने मान डोलावली. ही वापरलेले ग्लास न्यायला आली, न्यायच्या आधी सवयीने एकात नाक घातलं आणि म्हणाली, "अहो, ही बाटली बिघडलीय का? भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

दाढीने ग्लास घेतला. हुंगला. पुन्हा हुंगला. त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, बूच खराब होतं. माझ्याही लक्षात नाही आलं! दहा वर्षं हेच करतोय मी!"

आणि मग जाईपर्यंत — वहिनी, हे बघा. वहिनी, हिचं काय? वहिनी, ही जरा फिरवून बघा ना. मी सुपाच्या स्टॉकवरचा फेस काढत उभा. माझ्याच दुकानात माझी पाठ सगळ्यांना दिसत होती.

८ सप्टेंबर, रविवार

नोंद: ती बाटली मी चाखली तेव्हा नुकतीच उघडलेली होती, हिने हुंगली ती वीस मिनिटांनी. बुचाचा दोष हवा लागली की वर येतो. हे पुस्तकात आहे.

हिला सांगितलं. म्हणाली, "असेल हो." असेल हो!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

हिच्या नाकाचं मूळ मला ठाऊक आहे. लग्नाआधी आठ वर्षं ही ड्रायक्लीनिंगच्या दुकानात होती. गिऱ्हाईक डाग कशाचा ते कधी खरं सांगत नाही. आणि चहाचा डाग काढायचं औषध वेगळं, खोकल्याच्या औषधाच्या डागाचं वेगळं. चुकलं तर कापड जातं. म्हणून ही डाग हुंगायची. हा चहाचा, हा कोकोचा, हा औषधाचा, हा रडताना पुसलेल्या काजळाचा. मालक म्हणे शर्ट थेट हिच्या नाकाखालीच धरायचा.

आमचं ठरत होतं तेव्हा मी एकदा मित्राकडून थेट हिला भेटायला गेलो. दारातच म्हणाली, "तुमचा मित्र माशांचं काहीतरी करतो का?" मित्र जाळी विणायचा. किती कौतुक वाटलं होतं मला तेव्हा! घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

तेच नाक आहे. मग आता माझ्या पोटात का दुखतं?

१६ सप्टेंबर, सोमवार

सोमवारी दुकान बंद. सकाळी दहाला परीक्षा घेतली. तीन ग्लास, तिन्हींत पांढरी. पहिल्यात आणि तिसऱ्यात एकच वाइन. मधल्यातही तीच, पण कालच्या उघड्या बाटलीतली. हिला म्हटलं, तिन्ही वेगळ्या आहेत, ओळख पाहू.

हातातली भाजी ठेवून आली. पदराला हात पुसले. हुंगलं. जिभेवर फिरवून थुंकलं.

"वेगळ्या कुठल्या? एकच आहे. मधली शिळी." मग माझ्याकडे बघून हसली. "मला फसवत होतात होय?"

भाजी निवडायला परत गेली. एकूण वेळ दीड मिनिट.

ही गेल्यावर मी डोळे मिटून, ग्लास फिरवून-फिरवून, तीच परीक्षा स्वतःची घेतली. काय झालं ते लिहीत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज फळ्यावर लाल भोपळ्याचं सूप. समोर मी लिहिलं होतं — कोरडी पांढरी. दंतवैद्य स्टुलावर बसला, फळा वाचला आणि फळा वाचून झाल्यावर — वाचून झाल्यावर! — हिच्याकडे वळला.

"वहिनी, तुम्ही काय घ्याल याबरोबर?"

"मी कुठे पिते! पण भोपळा गोड, त्यात ह्यांनी आलं घातलंय. थोडी गोडसर पांढरी बरी वाटेल. कोरडी घेतलीत तर आंबट लागेल नुसती."

बस्स. एकाचं ऐकून दुसऱ्याने, दुसऱ्याचं ऐकून पलीकडच्या बाईंनी. रात्रीपर्यंत तिचे अकरा ग्लास गेले, माझे दोन. त्यातला एक गृहस्थ सर्दीने बेजार होता.

फळा मी पुसला नाही. पुसणार नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

बोललो नाही आज.

२२ सप्टेंबर, रविवार

"तोंड का फुगलंय?"

"फुगलेलं नाही."

"मग कालपासून मिठाचा डबा आपटताय तो कशाला?"

"डब्याचं झाकण घट्ट झालंय."

"द्या इकडे." एका हाताने उघडला. "अहो, मी गंमत म्हणून बोलते हो. तुम्ही एवढे अभ्यास केलेले. माझं काय, नाकाला आलं ते तोंडाने बोलले. नाही बोलणार आजपासून."

गंमत! मी अकरा वर्षं घासली, आणि हिला ती गंमत! भांडली असती, मिरवली असती तर बरं झालं असतं. मला रागवायला काही जागा तरी ठेवायची!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दाढ दुखत होती म्हणून सकाळी दंतवैद्याकडे गेलो. खुर्चीत आडवा पडल्यावर माणसाला काही मान राहत नाही. त्याने दाढ बघितली, मग जीभ धरून दिवा जवळ आणला.

"मालक, सूप चाखता ते किती गरम असताना?"

तोंडात त्याची बोटं. मी हाताने दाखवलं — उकळी फुटलेली.

"रोज?"

बोटं काढल्यावर मी सांगितलं. सव्वीस वर्षं, दिवसाला तीस-चाळीस वेळा, डावातून थेट. उकळीवरच मीठ कळतं, असं मी शिकलो. म्हणजे ठरवलं.

"जीभ नाही ही, तवा आहे!" त्याला हसू आवरेना. "हिच्यावर तुम्ही वाइन चाखता?" मग माझा चेहरा पाहून गंभीर झाला. "तसं काही घाबरण्यासारखं नाही. थोडे दिवस निववून चाखा. बघा काही फरक पडतो का."

दाढीला कळलं तर? पुस्तिकेच्या मॅडमना कळलं तर? दंतवैद्याला म्हटलं, हे आपल्या दोघांत ठेवा. म्हणाला, डॉक्टर आहे मी, मालक. पण तो रोज येऊन हिच्याशीच बोलतो.

३० सप्टेंबर, सोमवार

दुकान बंद; आज दिवसभर तापमापक आणि घड्याळ घेऊन बसलो. मी सूप चाखतो तेव्हा ब्याण्णव. वाटीत वाढतो तेव्हा अठ्ठ्याहत्तर. गिऱ्हाईक पहिला चमचा घेतं, फुंकर मारतं, शेजाऱ्याशी बोलतं. वाइनचा पहिला घोट घेतं तेव्हा बासष्ट. निम्मं संपेपर्यंत पन्नास.

म्हणजे अकरा वर्षं मी जोड्या जुळवल्या त्या ब्याण्णव अंशांच्या सुपाशी. असं सूप माझ्याशिवाय कोणी पीत नाही!

आणि ही? ही सगळ्यांचं आटोपल्यावर साडेतीनला जेवते. पातेल्याच्या तळाचं, निवलेलं. लग्न झाल्यापासून. मी कधी आधी जेव म्हणालो नाही. त्या निवलेल्या सुपानेच हिची जीभ शाबूत ठेवली.

वहीतल्या दोनशे चौदांपैकी किती खोट्या, ते मोजायची छाती नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

निववून चाखायला लागल्यापासून मिठाचा अंदाज गेला. बुधवारी वाटाण्याचं सूप खारट, काल टोमॅटोचं अळणी, आज मसुराचं पुन्हा खारट. एका बाईंनी पाणी तीनदा मागितलं.

"मी चाखू का आज?" — ही.

"नको."

"नुसतं मीठ हो."

"नको म्हटलं ना!"

डाव माझ्या हातातून पातेल्यात पडला. हिने चिमट्याने काढला, धुतला, पुसून माझ्यासमोर ठेवला.

दुपारी पुन्हा उकळतं चाखलं. मीठ बरोबर आलं.

६ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. ती दूर असते, नोकरीला. पाच मिनिटं माझ्याशी, पन्नास मिनिटं आईशी, हा नेहमीचा हिशेब. आज मात्र मला म्हणाली,

"बाबा, आईचं ऐकलं मी सगळं! पुठ्ठ्याची बाटली काय, तीन ग्लास काय! कसली भारी आहे हो ती."

"वाइन माझी आहे," मी म्हणालो. का म्हणालो?

हसली. "हो हो. वाइन तुमची, जीभ आईची."

फोन हिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पाटी पुसली. पाटी स्वच्छच होती.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी तीननंतरची वेळ. दुकान रिकामं, मी बटाटे सोलत होतो, ही ग्लास उजेडाकडे धरून डाग बघत होती.

"अहो, हे वास ओळखायचं कुठे शिकवतात का?"

"कशाला?"

"असंच. दाढी म्हणत होते, त्यांच्याकडे चाखणाऱ्यांचं मंडळ आहे. पाच-सहा जण बसतात, बाटली-बाटली चाखून लिहून काढतात. मला वाटलं होतं, पुस्तकवालेच असतील. म्हणाले, एक बाई आहेत, आधी टपालात पत्रं वेगळी करायच्या." ग्लास फिरवून बघितला. "ड्रायक्लीनिंगवाल्यांना कुठे घेणार म्हणा."

"या वयात?" मी म्हणालो.

"हो, तेही खरंच." ग्लास ठेवला, दुसरा उचलला.

दाढी एवढं बोलतो हिच्याशी? कधी? मी कुठे असतो?

१४ ऑक्टोबर, सोमवार

मॅडम गुरुवारी येणार. पाच सुपं, पाच वाइन. ठरवलं: वाटाणा, टोमॅटो, मश्रूम, मसूर, कांदा. वही उघडून बसलो, बंद केली, पुन्हा उघडली.

हिला म्हटलं, "गुरुवारी तुझ्या बहिणीकडे जाऊन ये. कधीची म्हणतेस."

"गुरुवारी? त्या यायच्या आहेत ना? ग्लास कोण बघेल?"

"मी बघेन. तुलाही जरा सुट्टी."

माझ्याकडे जरा वेळ बघितलं. नाकाला काही आलं असणार. पण हसून म्हणाली, "बरं. जाते. एक सांगू? शेवटचं. कांद्याच्या सुपाला पांढरी नका देऊ. कोरडी शेरी द्या, ती कोपऱ्यातली, थंडगार. तुम्ही कांदा तासभर परतता, चांगला तांबूस होतो — भाजलेल्या कांद्याला भाजल्यासारखीच वाइन हवी. झालं. आता तोंड शिवलं."

आमच्या फळ्यावर कांद्याच्या सुपासमोर सहा वर्षं पांढरी आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी नऊच्या बसने ही गेली. जाण्याआधी ग्लास पुसून, उलटे करून, फडक्यावर ओळीने मांडून गेली. मी दाढी साध्या पाण्याने केली, अंगाला कसला वास नको म्हणून.

मॅडम अकराला आल्या. दाढी मागे पिशव्या घेऊन. केस पांढरे, नखं बारीक कापलेली, अंगावर अत्तराचा थेंब नाही. कामाची बाई. स्टुलावर बसल्या, स्टूल हलवून पाहिलं. हललं नाही. मला बरं वाटलं.

वाटाणा आणि पांढरी. मान हलली. टोमॅटो आणि गुलाबी. मान हलली. "टोमॅटो आंबट, वाइनही आंबट, म्हणून दोन्ही गप्प बसतात," त्या म्हणाल्या. मी हे वहीत सात वर्षांपूर्वी लिहिलंय, जवळपास याच शब्दांत! मश्रूम आणि माझी लाल. एक चमचा, एक घोट. चमचा खाली ठेवला, पाणी मागितलं. दाढीने माझ्याकडे बघायचं टाळलं. मसूर — "ठीक."

कांदा राहिला. पांढरी बर्फात तयार होती. माझा हात पांढरीकडे गेला. आणि मी शेरीची बाटली उचलली. विचार केला नव्हता, शपथ. की केला होता? शेरी सकाळीच बर्फात मीच ठेवली होती.

मॅडमनी चमचा घेतला, घोट घेतला. पुन्हा चमचा. मग वाटी संपवली. आधीच्या चारही वाट्यांत सूप उरलं होतं. ही वाटी त्यांनी तिरकी करून पुसून घेतली.

"ही जोडी कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"दादा!" — दाढी मोठ्याने हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय! "ही तर वहिनींची! मागच्या खेपेला मला म्हणाल्या होत्या की. भाजलेल्याला भाजल्यासारखी. मी तर डायरीत लिहून घेतलंय."

मॅडमनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. राग परवडला असता.

"वहिनी कोण?"

मग दाढीने सगळं सांगितलं. पुठ्ठ्याचा वास. भोपळा. तीन ग्लास — तेही हिने त्याला सांगितलेलं, हसत हसत. मश्रूमवरची लाल लोखंडासारखी लागते, तेही! ते ऐकून मॅडम पहिल्यांदा हसल्या. "अगदी लोखंड," म्हणाल्या. "कुठे शिकल्या त्या?"

"ड्रायक्लीनिंगच्या दुकानात," मी म्हणालो. हिला जरा खाली आणावं म्हणून म्हणालो.

"उत्तम. पुस्तकातले शब्द नसतील मग त्यांच्याकडे." पर्स उघडली, छोटी वही काढली. "त्यांचा फोन नंबर?"

हिला स्वतःचा फोन आहे. नंबर मला पाठ आहे, मीच घेऊन दिलाय. मी माझा सांगितला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

"काय म्हणाल्या?"

"आवडलं."

"आणि शेरी?"

"ठीक म्हणाल्या."

"ठीकच?" मग म्हणाली, "असो. तुमचं नाव छापतील ना?"

"बघू."

"छापतीलच. मी बहिणीला सांगूनसुद्धा आले!"

माझं नाव छापून यावं म्हणून हिला माझ्यापेक्षा जास्त वाटतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सुपाचं पान लिहून काढलं. चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात. नऊ जोड्या. वाटाणा, टोमॅटो, मासा माझ्या. बाकी सहा हिच्या, ग्लास धुता धुता कधीमधी बोललेल्या. मश्रूमसमोर लिहिलं — हलकी लाल, जरा थंड करून. हेही हिचंच. सगळ्या जोड्या बासष्ट अंशांवर पुन्हा तपासल्या. एकही चुकत नाही. एकही!

खाली नाव लिहायची जागा कोरी ठेवली. पेन टेकवलं, उचललं. दोन नावं लिहिता येतील. आधी कोणाचं?

पाकीट बंद केलं नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

दाढी आला, पान घेऊन गेला. कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे, दादा?" मी पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. वर बघितलं तेव्हा तो मागच्या दाराकडे बघत होता. तिथे ही फडकी वाळत घालत होती.

"वहिनींना मॅडमचा फोन आला का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"येईल. मॅडम विसरत नाहीत."

तेव्हापासून फोन शर्टाच्या खिशात. एप्रनच्या खिशात ठेवला तर भांड्यांच्या आवाजात वाजलेला कळत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मीठ बरोबर. फळ्यावर कांद्यासमोर शेरी लिहिली, माझ्या हाताने. दंतवैद्य म्हणाला, "वा मालक, काय जोडी काढलीत!" ही गल्ल्यावरून नुसती हसली.

सांगायला हवं. उद्या सांगतो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सव्वाअकराला फोन आला. मॅडम. चाखणाऱ्यांच्या मंडळात एक जागा, हिच्यासाठी. आठवड्यातून तीन दिवस, सकाळचेच. न्यायला-आणायला गाडी. पहिलं वर्षभर शिकवतील तेच, परीक्षा नाही, पुस्तक नाही. मी म्हणालो, "विचारलंय तिला. नको म्हणते." मग म्हणाल्या, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. ही समोरच ग्लास पुसत होती. "कोणाचा होता हो?" "कांदेवाल्याचा," मी म्हणालो.

पगार महिना बेचाळीसशे.